उशी, वीट, चप्पल

४ मार्च

मामा,

वाकून नमस्कार केला आहे असं समज. कंबर धरली आहे, म्हणून बसूनच लिहिते. आधी फोनच करणार होते, पण मागच्या वेळी तू अर्धा तास नुसतं "कोण बोलतंय?" विचारत बसलास, म्हणून कागद घेतला.

मामा, मी माती खाल्ली आहे. आमच्या कमोडांच्या गोदामात मी पॅकिंगच्या टेबलावर आहे हे तुला ठाऊक आहे. आता पॅकिंगचं यंत्र आलं. साहेबांनी सगळ्यांना उभं केलं आणि सांगितलं, टेबल बंद. मग म्हणाले, फोर्कलिफ्टवाला गाव सोडून चालला आहे, कोणाला चालवता येतं का? आणि माझा हात वर गेला. आईशप्पथ, मी केला नाही, तो आपोआप गेला. तू जन्मभर फोर्कलिफ्ट चालवलीस, मला वाटलं आपल्या रक्तात असेल.

साहेबांनी विचारलं, "कुठे शिकलात?" मी म्हटलं, "घरीच." ते म्हणाले, "घरी फोर्कलिफ्ट आहे?" मी म्हटलं, "मामांची होती." यावर त्यांनी माझं नाव लिहून घेतलं. महिनाअखेरीला परीक्षा आहे. पास झाले तर कायम नोकरी, नाहीतर घरी.

घरी म्हणजे काय ते सांगते. ह्यांच्या घड्याळदुरुस्तीवर आता कोणी वेळ घालवत नाही. माझी नोकरी गेली तर हे घर सोडून दिरांकडे जायचं, त्यांच्या व्हरांड्यात. सासूबाईंना तिथे जायचं नाही आणि मलाही नाही. आम्हा दोघींचं एकमत असलेली ही एकच गोष्ट. बाकी त्या माझ्याशी अजूनही थेट बोलत नाहीत. मी समोर असले तरी ह्यांना सांगतात, "तिला सांग, भाजीत मीठ कमी आहे." हे मला सांगतात. मी मीठ घालते.

मशीनला परीक्षेपर्यंत हात लावता येणार नाही, किल्ली स्टोअरकीपरच्या गळ्यात असते. जेवणाच्या सुट्टीत लांबून पाहून आले. खाली तीन पायडल आहेत आणि उजव्या हाताशी तीन दांडे. बाकी मला काही कळलं नाही. मामा, पत्रानं शिकव.

तुझी,
खारूताई


९ मार्च

खारूताई,

आशीर्वाद. पत्र वाचून आधी हसलो, मग मला घाम फुटला. पण तीन पायडल आहेत ना? मग ते माझंच मशीन. तीन पायडलची एकच जात असते. काळजी सोड आणि खुर्चीवर ताठ बस.

उजवा पायडल वेगाचा. मधला ब्रेकचा. डावा म्हणजे सरक-पायडल, आणि सगळी अक्कल त्यातच आहे. तो दाबला की इंजिन चालू राहतं, पण चाकांची ओढ सुटते. रॅकजवळ पोचलीस की डावा पाय अगदी मऊ दाबायचा. मशीन मुंगीसारखं पुढे सरकतं. पुढे जायचं की मागे ते पायानं ठरत नाही, त्याला स्टिअरिंगखाली डावीकडे छोटा दांडा असतो. ढकलला की पुढे, ओढला की मागे.

उजव्या हाताचे दांडे. पहिला ओढला की माल उचलायचे काटे वर, ढकलला की खाली. दुसरा ओढला की मास्ट मागे कलतो, ढकलला की पुढे. मास्ट म्हणजे काटे ज्याच्यावर चढतात तो समोरचा उभा सांगाडा. तिसऱ्या दांड्यानं काटे डावीउजवीकडे सरकतात, त्याच्या वाटेला जाऊ नकोस.

आणि वळताना मागची चाकं वळतात, पुढची नाहीत. म्हणून नाक सोडून बूड सांभाळायचं. भल्याभल्यांनी बुडानं भिंती पाडल्या आहेत.

घरी सराव कर. डाव्या पायाखाली उशी, मध्ये वीट, उजवीकडे चप्पल. खुर्चीच्या हाताला पळी, झारा आणि उलथनं बांध, ते तुझे दांडे. समोर कोणालातरी मास्ट म्हणून उभं करावं लागेल, नाहीतर हाताला समज येत नाही. नवऱ्याला उभं कर, नाहीतरी रिकामाच असतो.

गोदामात कोणाला एक अक्षर विचारू नकोस. येतं म्हणून सांगून बसली आहेस, आता विचारलंस की संपलं.

अंगात भिनलं पाहिजे, बघ. मालामुळे समोरचं दिसत नसेल तर मशीन उलटं चालवायचं, हा नियम मी अजून पाळतो. चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून मी उलटाच बाहेर येतो. आजवर एक कप फुटलेला नाही.

मामा

(कप फुटले आहेत. – मामी)


१६ मार्च

मामा,

हे मास्ट म्हणून नापास झाले. मी पळी ओढली की हात वर करायचे, एवढं साधं काम. पण ह्यांना मध्येच हसू येतं, नाक खाजतं, आणि पळी ओढायच्या आतच हात खाली येतात. परवा पलंगावरून सासूबाई सगळं बघत होत्या. त्यांचा संयम सुटला. ह्यांना म्हणाल्या, "तू मास्ट नाहीस, वाळत घातलेला टॉवेल आहेस. बाजूला हो." आणि स्वतः येऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. दोन्ही हात पुढे, तळवे वर, त्यावर गादीची गुंडाळी.

मामा, काय सांगू! पळी ओढली की त्यांचे हात तेलावर चालल्यासारखे सावकाश वर जातात. थांबवली की तिथेच थांबतात, थरथर नाही. खाली येताना तोंडानं "स्स्स्" असा आवाजसुद्धा काढतात, तो त्यांना कोणी शिकवलेला नाही. झारा ओढला की कमरेतून मागे कलतात. मी त्यांना एवढ्या जवळून लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. त्यांच्या हनुवटीवर तीळ आहे.

पण शिस्त फार. काल दूध उतू जायला लागलं म्हणून मी खुर्चीवरून उठून पळाले. परत आले तर त्या तशाच, हात डोक्याच्या वर, गादीसकट. चेहरा लालबुंद. मी धावत जाऊन पळी ढकलली तेव्हा कुठे हात खाली आणले. मग ह्यांना म्हणाल्या, "तिला सांग, काटे वर ठेवून गाडीवरून उतरत नाहीत." ह्यांनी मला सांगितलं. हे आता रॅक आहेत, भिंतीला टेकून उभे असतात. त्यात त्यांना चुकायला वाव नाही.

शेजारीण वाटीभर साखर मागायला आली होती. सासूबाईंचे हात वर, हे भिंतीला चिकटलेले, मी खुर्चीत बसून पळी ओढते आहे. ती साखर न घेताच गेली. दुसऱ्या दिवशी परत आली आणि म्हणाली, "माझाही खांदा धरला आहे, मीसुद्धा उभी राहू का?" आता तीही येते. सासूबाईंच्या मते तिला तेलाची गळती आहे, हात आपोआप खाली येतात.

एक शंका आहे. स्टिअरिंगखाली डावीकडे दांडा आहे, पण त्याच्यावर बाण काढलेले आहेत. हाच का तो?

खारूताई


२० मार्च

खारूताई,

अगं, बाण म्हणजे दिशा! दांड्यावर दिशा लिहून दिली आहे आणि तू मलाच विचारतेस? हाच तो. परीक्षेच्या दिवशी बसल्याबसल्या पुढे ढकल.

तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार कळव. असा मास्ट मला अख्ख्या नोकरीत मिळाला नाही. आमचा कुरकुरायचा आणि निम्म्यात अडकायचा. त्यांना म्हणावं, माल उचलल्यावर आधी थोडं मागे कलायचं आणि मगच वर जायचं. माल छातीशी घट्ट हवा. आणि वर गेलेल्या काट्यांखालून कोणी जाता कामा नये. शेजारीण वाकून खालून जात असेल तर तिला ताबडतोब बंदी घाल.

डाव्या पायाची उशी रोज दाब. परीक्षा तीच जिंकून देणार आहे, लिहून ठेव.

मामा

(यांनी काल मला कपाटासमोर उभं करून हात वर करायला लावले. जरा बरं वाटलं पाठीला. – मामी)


२७ मार्च

मामा,

परीक्षा परवावर आली. माझी पाचावर धारण बसली आहे. दिरांचं पत्र आलं की व्हरांड्यातल्या सायकली हलवून ठेवल्या आहेत. सासूबाईंनी ते वाचलं आणि घडी करून उशीखाली ठेवलं. डाव्या पायाच्या उशीखाली, मामा. मग हात पुढे करून उभ्या राहिल्या. आज आम्ही भांडी घासायची विसरलो.

खारूताई


३० मार्च

मामा,

सगळं सविस्तर लिहिते. आधी पाणी पी.

परीक्षेला साहेब, स्टोअरकीपर आणि बाहेरून आलेले एक परीक्षक, त्यांच्या डोक्यावर पिवळी टोपी. काम एकच: कमोडांचं एक पॅलेट, म्हणजे माल रचलेली लाकडी चौकट, उचलायचं आणि रॅकच्या दुसऱ्या फळीवर ठेवायचं. एक जरी कमोड फुटला तरी घरी.

गोदामाच्या जाळीच्या पलीकडे बघते तर सासूबाई! गेटवरच्या वॉचमनने "तुम्ही कोण?" विचारलं, तर म्हणाल्या, "मी मास्ट आहे." त्याला वाटलं मोठा हुद्दा असेल, त्यानं सलाम करून आत सोडलं आणि बसायला खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

मी चढले, पट्टा लावला, हॉर्न दिला. तू सांगितलेला बाणाचा दांडा ढकलला. कुठेतरी टिकटिक सुरू झाली. चप्पल दाबली, म्हणजे उजवा पायडल, आणि मशीन पुढे निघालं! जीव भांड्यात पडला. पॅलेटखाली काटे घातले, झारा ओढून कलवलं, पळीनं जरा उचललं. वळताना बूड सांभाळलं. मनात म्हटलं, मामा, जिंकलो.

मग रॅक जवळ आला आणि मी उशी दाबली. अगदी मऊ, तू सांगितलंस तशी. मशीन थांबलं आणि शांतपणे मागे निघालं.

मला वाटलं कमी दाबली, म्हणून अजून दाबली. ते आणखी जोरात मागे निघालं. साहेब टाइलच्या ढिगावर चढले. परीक्षकांची टोपी पडली. मी उशीवर उभी राहायचीच बाकी होते, आणि कमोड माझ्याकडे बघत खळाखळा हलत होते. शेवटी पाय विटेवर गेला. वीट तेवढी खरी निघाली, मशीन थांबलं.

मामा, या मशीनला सरक-पायडल नाहीच! डावा पायडल दाबला की मागे, उजवा दाबला की पुढे, सोडला की आपोआप हळू. आणि तुझा बाणाचा दांडा म्हणजे वळताना लागणारा दिवा. सगळ्या परीक्षेत माझा डावा दिवा उघडझाप करत होता.

पाय कसेबसे कळले, पण हात अडले. तीन दांडे समोर, आणि कुठला कशाचा ते एकदम पुसून गेलं. पळी कुठली, झारा कुठला? डोळ्यांत पाणी आलं. मला तो व्हरांडा दिसायला लागला. मी मान वर केली, तर जाळीपलीकडे सासूबाई हात पुढे करून उभ्या होत्या. तळवे वर. त्या जरा मागे कलल्या.

माझ्या हातानं बरोबर झारा ओढला. मग त्यांचे हात सावकाश वर जायला लागले आणि माझा हात पळीवर गेला. त्या वर, मास्ट वर. त्यांचे हात दुसऱ्या फळीइतके वर येऊन थांबले, मी थांबले. उजव्या पायानं जरासं पुढे. त्यांनी कंबर सरळ केली, मी झारा ढकलला. त्यांचे हात चार बोटं खाली आले. पॅलेट टेकलं. एकाही कमोडाला टवका उडाला नाही. वॉचमनसुद्धा हात पुढे करून उभा होता, का ते त्याला विचार.

परीक्षक टोपी झटकत म्हणाले, "रॅकपाशी येऊन परत मागे जाऊन लांबून अंदाज घेतलात, हे आजकाल कोणी करत नाही. आणि दिवासुद्धा लावलात." पास! कायम!

मी आनंदानं उडी मारून उतरणार, तेवढ्यात जाळीतून आवाज आला, "अगं, काटे टेकव आधी. मग उतर." मामा, त्या माझ्याशी बोलल्या. मध्ये कोणी नव्हतं. मी काटे टेकवले आणि तिथेच स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले.

खारूताई


५ एप्रिल

खारूताई,

अभिनंदन. मामीनं वाटीभर साखर खाल्ली आणि मलाही खायला लावली.

डाव्या पायडलनं मागे जाणारं मशीन मी आयुष्यात पाहिलेलं नाही. असलं मशीन बनवणाऱ्याचंच डोकं उलटं असणार. तीन पायडल पाहिले की माणसानं काय समजायचं? चूक तुझीही नाही आणि माझीही नाही. माझी तर मुळीच नाही.

दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तुझं काही बरंवाईट झालं असतं तर मी तोंड कुठे दाखवलं असतं? तुझ्या सासूबाईंना सांग, मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे.

मामा


१८ जून

मामासाहेब,

पत्र लिहायची सवय मोडली आहे, अक्षराला हसू नका. सूनबाई कामावर गेली आहे. हे पत्र तिला कळू देऊ नका.

नोकरी उत्तम चालली आहे. साहेब तिला "बाई" म्हणायचे, आता "मॅडम" म्हणतात. घर राहिलं, माझी खिडकी राहिली. याबद्दल तक्रार करीन तर जीभ झडेल.

पण ती दिवसभर ते दांडे ओढून येते आणि म्हणते, आता पळी डोळ्यांसमोरसुद्धा नको. पळी पातेल्यात गेली. उशी पलंगावर आली. वीट तिनं टेबलाच्या लंगड्या पायाखाली सरकवली. शेजारणीचा खांदा बरा झाला, ती फिरकत नाही. आता आम्ही दोघी थेट बोलतो. पण बोलायचं काय, तर आलीस का, जेवलीस का, दमलीस का. संपलं. पूर्वी मध्ये मुलगा होता तेव्हा निदान माझं एकेक वाक्य दोनदा ऐकू यायचं.

मामासाहेब, कोणाला काही शिकण्यासाठी माझी गरज लागली, असं फार वर्षांत झालं नव्हतं. संध्याकाळी ती खुर्चीत बसायची, मी समोर उभी राहायची आणि ती माझ्याकडे टक लावून बघायची. तसं माझ्याकडे कोणी बघत नाही हो. मागच्या आठवड्यात मी सहज हात पुढे करून उभी राहिले. तिनं विचारलं, "आई, खांदे दुखतात का? शेक देऊ?" पोर मनानं चांगली आहे. मी शेक घेतला.

तुम्ही तिच्यात काहीतरी चूक काढा. तुम्ही मामा आहात, तुम्हाला चूक काढायचा हक्क आहे. माझं नाव येता कामा नये.

तुमची,
खारूताईची सासू


२४ जून

खारूताई,

तुझं परीक्षेचं पत्र आज पुन्हा वाचत होतो आणि अंगावर काटा आला. पॅलेट फळीवर ठेवल्यावर काटे बाहेर काढताना तू मागे वळून पाहिलंस, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही! अगं, हे काय आहे? हा धडा तुझा राहूनच गेला. अशा चुकीनं माणसाच्या नोकऱ्या जातात. नशिबानं वाचलीस, दरवेळी वाचशील असं नाही.

उद्यापासून रोज संध्याकाळी घरी सराव. किती दिवस म्हणून विचारू नकोस, माझं समाधान होईपर्यंत. दिवसा खरं मशीन चालवतेस हे कारण मला सांगायचं नाही. खऱ्या मशीनवर माणूस बेफिकीर होतो, खुर्चीवर होत नाही.

मास्ट तोच ठेवायचा. नवऱ्याला उभं केलेलं मला चालणार नाही, मला इथे पत्रातून कळतं. हात कुठे थांबले, कंबर किती कलली, तुझं कुठे चुकलं, हे सगळं मास्टला विचारून दर आठवड्याला मला लिहून पाठवायचं.

आणि डाव्या पायाखाली उशी ठेवू नकोस. दुसरी चप्पल ठेव.

मामा

(यांचं बरोबर आहे. मी यांची बाजू क्वचित घेते, म्हणून ऐक. – मामी)


२ जुलै

मामा,

तू म्हणजे कमाल आहेस. आठ तास मशीन चालवून घरी यायचं आणि परत खुर्चीत बसून पळी ओढायची! मी नेहमीच मागे वळून बघते, पत्रात लिहायचं राहिलं एवढंच. तुझं पत्र वाचून मी इतकी वैतागले की ते सासूबाईंसमोर आपटलं. म्हटलं, "आई, तुम्हीच वाचा. या माणसाला माझी काही दया?"

त्यांनी चष्मा लावला, अगदी सावकाश वाचलं, दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "तुझा मामा जरा अतिच करतो." मला बरं वाटलं, कोणीतरी माझ्या बाजूनं बोललं. मी म्हटलं, "मग लिहून कळवते, जमणार नाही म्हणून."

तोवर त्यांनी टेबलाखालून वीट काढली होती. टेबल लंगडायला लागलं, ह्यांचा चहा सांडला. त्या म्हणाल्या, "मोठ्या माणसाचा शब्द मोडू नये. बस." मी बसले. पळी अजून बांधायची होती, मी दोरी शोधत होते, आणि मान वर करून बघते तर त्यांचे हात केव्हाचे पुढे आलेले होते.

खारूताई